अप्पांचा कीबोर्ड

त्या जुन्या संगणकात मराठी बसवायला मला अडीच दिवस लागले. अप्पांना काय म्हणायचं आहे हे कळायला त्यानंतर साडेतीन महिने लागले. पहिली गोष्ट मी शाळेत दहा जणांना कौतुकानं सांगितली. दुसरी फारशी कुणाला सांगितलेली नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील. तालुक्याच्या कचेरीत ते तीसेक वर्षं टायपिस्ट होते. आमचं गाव मेहकर, कर्नाटकातल्या भालकी तालुक्यातलं. गावातल्या आमच्या बौद्ध वस्तीत सरकारी कचेरीत खुर्चीवर बसणारे अप्पा पहिले. ती खुर्ची त्यांनी टायपिंगची परीक्षा देऊन मिळवली होती, कुणाच्या चिठ्ठीवर नाही, आणि हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढायचा. एरवी ते मोजकं बोलत. निवृत्तीनंतर आई आणि ते गावीच राहिले. आई गेली, पुढच्याच वर्षी अप्पांना कंपवात असल्याचं निघालं, तेव्हा मी त्यांना भालकीला माझ्या घरी घेऊन आलो.

आधी उजवा हात थरथरायला लागला. मग अक्षर बारीक होत गेलं, इतकं की त्यांची सही म्हणजे कागदावर मुंगी बसल्यागत दिसायची. मग आवाज गेला. ओठ हलायचे, पण कान तोंडाशी नेला तरी नुसता वारा यायचा. चेहऱ्यावरचे भावही आजारानं पुसून नेले. राग आला आहे की हसू, ओळखू येईना. बीदरचे डॉक्टर म्हणाले, लिहिता येत नसेल तर टाइप करायला लावून बघा, जन्मभर तेच केलंय ना त्यांनी. उठता उठता त्यांनी असंही सांगितलं की या आजारात काही जणांची समजही हळूहळू कमी होत जाते, लक्ष असू द्या. यातली दुसरी सूचना माझ्या डोक्यात घट्ट बसली.

मी भालकीत मराठी शाळेचा मास्तर. शाळेत नवे संगणक आले होते आणि जुने कोपऱ्यात धूळ खात पडले होते. त्यातला एक हेडमास्तरांना विचारून घरी आणला. जाड पेटीसारखा पडदा, पिवळी पडलेली कळांची पट्टी, खाली डाव्या कोपऱ्यात हिरवं स्टार्टचं बटण. यंत्र चालू होतं, पण त्याला आपली अक्षरं येत नव्हती. मराठी मजकूर उघडला की नुसते चौकोन दिसत. कंट्रोल पॅनलमध्ये भाषांच्या खिडकीत जाऊन एका ओळीपुढे बरोबरची खूण करावी लागते, एवढं मला शाळेतल्या संगणकाच्या सरांनी सांगितलं. खूण केली तर त्यानं सीडी मागितली. सीडी घातली तर ती घरघरून बाहेर आली. बनियनला पुसून पुन्हा घातली, पुन्हा बाहेर. शेवटी दुसऱ्या दिवशी सरांच्या घरून त्यांची सीडी आणली, तिनं मात्र मान राखला. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं आणि चौकोनांच्या जागी क, ख, ग उभे राहिले. मी एकटाच टाळी वाजवली.

मग कीबोर्डच्या भाषांची यादी उघडली. मला हवी होती मराठी. यादीत तिच्या थोडं वर कन्नडही होतं. त्याच्यावरून मी माऊस तसाच खाली नेला. मराठी निवडली, तीच पहिली येईल असं केलं. ऑल्ट आणि शिफ्ट एकदम दाबलं की भाषा बदलते. अप्पांचा थरथरता हात चुकून तिथे पडायचा, म्हणून ती सोयही काढून टाकली. शेवटचा अर्धा दिवस चिठ्ठ्यांत गेला. पांढऱ्या कागदाचे नखाएवढे तुकडे कापले, बारीक पेनानं त्यावर अक्षरं लिहिली आणि एकेक चिकटपट्टीनं कळांवर बसवली. सगळं कसं आखीव झालं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही.

पहिल्या दिवशी अप्पांना खुर्चीवर बसवलं. त्यांनी सदऱ्याच्या बाह्यांची बटणं लावली, खिशाला पेन आहे का पाहिलं, आणि दोन्ही हात कळांवर ठेवले. चिठ्ठ्यांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. ते समोर, थोडं डावीकडे, भिंतीकडे बघत राहिले आणि सावकाश एकेक कळ दाबायला लागले. मी पडद्याकडे बघत होतो. तिथे उमटत होतं ते असं, की काना एकटाच उभा, वेलांटी कुणाची ते माहीत नाही, मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेली, मध्येच एखादा ठ. एक शब्द म्हणून लागत नव्हता.

"अप्पा, इकडं बघा," मी म्हणालो. त्यांचं बोट धरून चिठ्ठीवर ठेवलं. "ह्ये कोणतं अक्षर हाय? सांगा बघू."

त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं राहिलं होतं. नखाएवढ्या तुकड्यावरचं माझं बारीक अक्षर त्यांना दिसणार कुठून? पडद्यावरचंही त्यांना धुरकटच दिसत असणार. हे मला आज सुचतं. त्या दिवशी मी पहिलीच्या पोराला विचारावं तसं पाच अक्षरं विचारली, आणि अप्पांनी पाचही वेळा माझ्या तोंडाकडे बघितलं. ओठ हलले. मग त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला आणि पुन्हा आपलं काम सुरू केलं. मी बायकोला म्हणालो, "अक्षरं इसरले बघ अप्पा." ऐकून घेण्यापेक्षा शिकवण्यात मी जास्त वाकबगार आहे.

तरी ते रोज बसत. सकाळी साडेदहाला, कचेरीच्या वेळेला. शाळेत जाण्याआधी मी त्यांना कोरं पान उघडून देई. दुपारच्या सुट्टीत जेवायला येई तोवर त्यांच्या बारा-पंधरा ओळी झालेल्या असत. एक गोष्ट मला तेव्हा नवलाची वाटायची, की कळांवर हात असले की थरथर कमी व्हायची. पण ओळ संपत आली की डावा हात एकदम वर उठे आणि हवेत उजवीकडे फटकारा मारी. कधी पडद्याच्या कडेला लागे. मी डॉक्टरांना सांगितलं की आता झटकेही येतात. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

मी आलो की अप्पा खुर्चीतून थोडे मागे सरकत आणि माझ्याकडे बघत बसत. मी ते पान बंद करी. बदल जतन करायचे का, असं यंत्र विचारी. मी "नको" दाबी आणि जेवायला बसे. साडेतीन महिने, शाळेच्या सुट्ट्या सोडून, हे रोज झालं.

हळूहळू घरात एक गोष्ट ठरूनच गेली, की अप्पांना आता कळत नाही. कुणी बसून ठरवली असं नाही. आधी आम्ही त्यांच्याबद्दल बोलताना आवाज बारीक करत होतो, मग तो बारीक करायचं राहून गेलं. माझी थोरली बहीण, आमची अक्का, राजेश्वर गावी असते. ती महिन्यातून एकदा येई, अप्पांचे पाय चोळून देई, आणि चोळता चोळताच माझ्याशी त्यांच्याविषयी बोले.

"सहा महिने माझ्याकडं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तुज्या बायकोचा जीव मेटाकुटीला आलाय."

"तितं त्येन्ला करमल का, अक्का?"

"करमाया काय कळायलंय त्येन्ला? तू कामून इतकं मनाला लावून घ्यायलास? भालकी काय अन् राजेश्वर काय, आता सगळं येकच हाय."

अप्पांचा पाय तिच्या मांडीवर होता. मी म्हणालो, "खरं हाय. आई सुटली, अप्पा अडकले." मी हे वाईट मनानं बोललो नाही. पण बोललो, आणि त्यांच्यापासून दोन हातांवर बसून बोललो. पुढच्या पंधरवड्यात त्यांना राजेश्वरला न्यायचं आमचं पक्कं झालं.

त्याच आठवड्यात माझी बायको सकाळी अप्पांच्या खोलीत तूर निवडत बसली होती. मला सुट्टी होती, मी दारात दाढी करत होतो. ती आळंद तालुक्यातली, कडगंचीच्या बाजूची. घरात मराठी, पण शाळा सगळी कन्नड. बराच वेळ ती सुपातून मान वर करून अप्पांकडे बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "ह्यो झटका न्हाई."

"मग काय हाय?"

"लहानपणी दाखल्यासाठी बाबासंगं कचेरीत गेल्ते मी. तितला टायपिस्ट असाच करायचा. ओळ सरली की डाव्या हातानं दांडा ढकलायचा, मग कागद वर सरकायचा. मामा ओळ बदलायलेत." तिनं सूप खाली ठेवलं. "अन् तुमी हितं मराठी कामून लावून ठिवलात? कचेरीत मामा काय मराठी टाइप करायचे व्हय?"

मी अर्ध्या दाढीनं उभा राहिलो. मला माहीत नव्हतं असं नाही. अप्पांची परीक्षा कन्नड टायपिंगची होती, हे लहानपणापासून ऐकत आलो होतो. ती शिकण्यासाठी ते तरुणपणी बीदरला एका खोलीत राहिले होते, वर्गात कळांवर झाकण घालून शिकवत, बोटांनी न बघता अक्षर शोधायचं, हेही त्यांनीच सांगितलं होतं. सातवीपर्यंत मराठी शाळा, आणि त्यानंतर आयुष्यभर कागदावर जे काही लिहिलं ते कन्नडमध्ये. पण माझ्या डोक्यात कन्नड म्हणजे अप्पांची नोकरी होती आणि मराठी म्हणजे अप्पा. सीमेवरच्या गावात मराठी शाळा टिकवण्यासाठी घसा कोरडा करणाऱ्या मास्तराला बाप आजारपणात दुसऱ्या भाषेत बोलेल, हे सुचलंच नाही.

मी त्याच वेळी भाषांची यादी उघडली आणि कन्नड निवडलं. अप्पांना म्हणालो, आता करा. त्यांनी पाच-सहा कळा दाबल्या. बायको वाकून वाचायला लागली आणि तिनं मान हलवली. लिपी कन्नड होती, पण गोंधळ तोच. काने-मात्रा तशाच अधांतरी.

"बघ," मी म्हणालो. माझ्या आवाजात काय होतं ते मला नीट सांगता येत नाही. वाईट वाटलं, पण आपण इतके दिवस चुकलो नव्हतो असं वाटून जीव भांड्यातही पडला होता. हे लिहिताना मला शरम वाटते.

बायकोनं मात्र हात टेकले नाहीत. "ह्या संगणकातलं कन्नड येगळं अन् जुन्या टाइपरायटरवरचं येगळं असंल की," ती म्हणाली. तिला संगणकाचं काही येत नव्हतं. ती नुसतं डोकं ठिकाणावर ठेवून बोलत होती. मी संगणकाच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, वेगळं असतंच. संगणकातल्या कन्नडमध्ये कळांची मांडणी नवी आहे, टाइपरायटरच्या मांडणीशी तिचा संबंध नाही. पण जुन्या टायपिस्ट लोकांची सोय म्हणून कन्नडचं एक सॉफ्टवेअर निघालं होतं, त्यात टाइपरायटरची मांडणी मिळते. नव्या यंत्रांवर ते चालत नाही, तुमच्यावर चालेल.

संध्याकाळी सर स्वतः सीडी घेऊन आले आणि बसवून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते उघडलं, मांडणीच्या यादीत सर्वांत खालचं टाइपरायटर निवडलं, आणि अक्षर बोटाएवढं मोठं केलं. अप्पा साडेदहाला येऊन बसले. मी शाळेत रजा कळवली होती. बायको त्यांच्या मागे उभी राहिली. अप्पांनी भिंतीकडे बघत पहिली ओळ टाइप केली, डावा हात हवेत फटकारला, आणि मी धावत जाऊन एंटर दाबलं. त्यानंतर प्रत्येक ओळीला मी एंटर दाबत राहिलो.

मला कन्नड बोलता येतं, वाचायला मात्र मी अडखळतो. बायको वाचून सांगत गेली. पहिल्या ओळीत अप्पांचं स्वतःचं नाव, खाली "निवृत्त टायपिस्ट". मग "यांना" म्हणून माझं नाव, खाली "सहशिक्षक". मग विषय. अप्पांनी घरच्या माणसाला पत्र लिहिलं नव्हतं, अर्ज लिहिला होता. त्यांना कागदावर बोलण्याची तेवढी एकच रीत येत होती. त्याचं मराठी मी जमेल तसं करतो.

"विषय : माझ्यासमोर माझ्याविषयी बोलण्याबाबत. वरील विषयास अनुसरून विनंती की, गेल्या काही महिन्यांपासून या घरात माझ्यासंबंधीच्या गोष्टी मी हजर असताना, मला कळत नाही असे समजून बोलल्या जातात. मला सर्व कळते. राजेश्वरला जाण्यास माझी हरकत असेलच असे नाही, परंतु मला विचारावे. माझी पत्नी सुटली व मी अडकलो, असे म्हटले गेले. ते खरे असेल. तरी माझ्यासमोर म्हणू नये. याच विषयाचे अर्ज यापूर्वी अनेक वेळा दिले आहेत. उत्तर मिळालेले नाही. तरी सहानुभूतीने विचार व्हावा. प्रत : मुलगी, मुक्काम राजेश्वर, यांना माहितीसाठी."

"उत्तर मिळालेले नाही" हे बायकोनं दोनदा वाचलं. मी पडद्याकडे बघत राहिलो. अप्पांच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. रोज दुपारी ते खुर्चीतून मागे सरकून माझ्याकडे का बघत, ते मला त्या क्षणी समजलं, आणि इतकं वाईट मला आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

अप्पांनी दोन बोटं वर केली. दोन प्रती. मी अर्ज पेनड्राइव्हवर घेऊन चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानातून दोन प्रती काढून आणल्या. त्यांनी कागद चांगल्या डोळ्याजवळ नेऊन शेवटपर्यंत वाचला, खिशातलं पेन काढलं आणि दोन्हींवर मुंगीएवढी सही केली. एक प्रत माझ्या हातात दिली. दुसरी टेबलावर माझ्यासमोर ठेवून तिच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. बोट थरथरत होतं, पण जागेवरून हलत नव्हतं. तीस वर्षं कचेरीत बसलेला माणूस पोच घेतल्याशिवाय अर्ज सोडत नाही. मी तिथे "मिळाला" असं लिहिलं, सही केली, तारीख घातली. त्यांनी तो कागद चार घड्या घालून खिशात ठेवला.

मग मी जमिनीवर त्यांच्या पायांशी बसलो आणि विचारलं, "अप्पा, तुमी अक्काकडं राजेश्वरला जाणार का? का हितंच ऱ्हाणार?"

त्यांनी बाह्यांची बटणं चाचपली. मग हात कळांवर ठेवले. एकच ओळ केली, त्याला पाव तास गेला असेल. बायकोनं वाचली आणि तिला रडता रडता हसू आलं. लिहिलं होतं, "सदर बाब विचाराधीन आहे."

अक्कासाठी आणखी एक प्रत काढून मी टपालानं पाठवली. तिनं ती शेजारच्या मुलीकडून वाचून घेतली आणि फोनवर नुसती रडली. आठवड्यानं तिचा पुन्हा फोन आला. मी अप्पांच्या खोलीतच होतो. तिनं विचारलं, "मग काय ठरलं? कवा येऊ न्यायला?"

"मला काय म्हाईत, अक्का?" मी म्हणालो. "अप्पाचं उत्तर अजून यायचंय."